घर तारण असताना गृहकर्जाच्या संकटात बँका बुडतात कशा?

तुमची शंका अशी, की कर्जदाराने हप्ते थकवले तरी घर बँकेच्या ताब्यात येते, ते विकून पैसे वसूल होतात. मग बँक अडचणीत येतेच कशी?

आधी तारणाचा हिशेब पाहू. घराची किंमत १०० आणि कर्ज ९० धरा. बाजार पडला आणि घर ७५ वर आले. पहिला हप्ता चुकल्यापासून विक्रीचे पैसे हाती येईपर्यंत सहज वर्ष-दीड वर्ष जाते. तेवढ्या काळाचे व्याज, वकील, कर, विमा, डागडुजी आणि दलाली यांत १५ गेले, तर उरतात ६०. म्हणजे ९० च्या कर्जातले ३० बुडाले. त्यात एकाच वस्तीतली पन्नास घरे एकदम लिलावाला निघाली, तर ७५ चा भावही मिळत नाही. बँका आपल्याच तारणाचा भाव स्वतःच्या हाताने पाडतात.

एवढ्याने मात्र धडधाकट बँक बुडत नाही. एकूण मालमत्ता १००, त्यातली गृहकर्जे ४०, दहातले एक कर्ज बुडाले आणि प्रत्येकात एक तृतीयांश रक्कम गेली, तर तोटा होतो साधारण १.३. स्वतःचे भांडवल ८ असेल तर बँक लंगडत का होईना, चालते. भांडवल ३ असेल तर प्रकरण हाताबाहेर जाते. अमेरिकेतली गुंतवणूक बँक लेहमन ब्रदर्स २००७ च्या अखेरीस भागभांडवलाच्या सुमारे तीसपट मालमत्ता बाळगून होती. अशा ठिकाणी मालमत्तेचा भाव साडेतीन टक्क्यांनी उतरला तरी सगळे भांडवल साफ होते.

पण माझ्या मते बहुतेकांचे लक्ष चुकीच्या जागी असते. तोटा वहीत दिसायला वेळ लागतो, रोकड त्याच्या आधी संपते. म्हणून पहिला बळी कोण, हे कर्जे किती वाईट यापेक्षा ती कुणाच्या पैशांवर दिली यावर जास्त ठरते.

सर्वांत आधी पडतात ठेवी न घेणाऱ्या गृहवित्त कंपन्या. त्या मोठ्या बँकेकडून अल्प मुदतीची उचल घेतात, तिच्यातून कर्जे देतात, थोड्याच दिवसांत ती गठ्ठ्याने विकतात आणि उचल फेडून पुन्हा तेच चक्र चालवतात. विक्रीच्या करारात बहुधा एक अट असते : पहिल्या काही हप्त्यांतच कर्जदार थकला, तर कर्ज परत विकत घ्यायचे. महिन्याला १,००० ची कर्जे विकणाऱ्या आणि ५० भांडवल असलेल्या कंपनीकडे पाच टक्के कर्जे परत आली, की ५० रोख मोजावे लागतात. त्या कर्जांना थोडीफार किंमत असते, पण त्यांच्यावर नवी उचल कुणी देत नाही. उलट जुनी उचलही बँक थांबवते. न्यू सेंच्युरी ही अमेरिकेतली बडी सबप्राइम (म्हणजे कमी पतीच्या लोकांना कर्ज देणारी) कंपनी एप्रिल २००७ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा लेहमन बुडायला अजून जवळपास दीड वर्ष होते.

त्यानंतर पाळी येते अशा कर्जांच्या गठ्ठ्यांवर काढलेले रोखे गहाण ठेवून रोजच्या रोज पैसे उचलणाऱ्यांची. १०० च्या रोख्यांवर ९८ मिळत असतील, तर खिशातले २ पुरतात. घाबरलेला सावकार ९० च देऊ लागला, तर त्याच २ मध्ये फक्त २० चे रोखे सांभाळता येतात आणि बाकीचे ८० विकावे लागतात. सगळे एकाच वेळी विकायला निघाले, की भाव आणखी पडतो आणि सावकार आणखी हात आखडतो. अमेरिकेतल्या बेअर स्टर्न्स या गुंतवणूक बँकेकडे १० मार्च २००८ ला सुमारे १८ अब्ज डॉलरची रोकड होती, १३ मार्चला सुमारे २ अब्ज.

ठेवी घेणारी बँक तुलनेने टणक, पण तिथेही निधी आला कुठून हे पाहावे लागते. ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉकने अमेरिकी सबप्राइम कर्जे वाटली नव्हती. तिचा बहुतांश पैसा बाजारातून यायचा, ग्राहकांच्या ठेवींतून नव्हे. ऑगस्ट २००७ मध्ये तो झरा आटला आणि सप्टेंबरात शाखांबाहेर रांगा लागल्या. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन म्युच्युअल बँकेतून तर सप्टेंबर २००८ मध्ये दहा दिवसांत १६.७ अब्ज डॉलरच्या ठेवी निघाल्या.

आणखी एक फटका बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ‘विकून टाकले’ म्हणून ताळेबंदाबाहेर ठेवलेले परत दारात येते. अशी मालमत्ता ठेवायला उभारलेल्या वेगळ्या कंपन्यांना पैसा मिळेना, तेव्हा अमेरिकेतल्या सिटीग्रुप बँकेने डिसेंबर २००७ मध्ये सुमारे ४९ अब्ज डॉलरची मालमत्ता स्वतःच्या ताळेबंदावर घेतली. आणि विकलेल्या कर्जांचे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीला करारानुसार अनेकदा कर्जदाराने न भरलेला हप्ताही गुंतवणूकदाराला पदरचा द्यावा लागतो. तो वसूल होतो, पण घर विकल्यानंतर.

वाचलेल्या बँकांचे दुखणे संथ असते. भांडवलाचे प्रमाण आठ टक्के राखायचे असेल, तर तोट्यात गेलेल्या प्रत्येक १ मागे नवे भांडवल आणा, नाहीतर १२.५ ने कर्जे कमी करा. म्हणून वेळेवर हप्ते भरणाऱ्यालाही नकार मिळतो. काही बँका थकलेल्या कर्जाची मुदत वाढवून ते चालू असल्याचे दाखवतात. त्याने तोटा पुढच्या वर्षांत सरकतो, इतकेच. अमेरिकेत २००८ मध्ये २५, २००९ मध्ये १४० आणि २०१० मध्ये १५७ बँका बुडाल्या. त्यांतल्या कितीतरी लहान बँकांना घरमालकांच्या कर्जांपेक्षा बिल्डरांना दिलेल्या बांधकाम-कर्जांनी बुडवले.

एखाद्या कर्जसंस्थेची प्रकृती तपासायची असेल, तर अहवालातला नफा बाजूला ठेवा. वर्षाच्या आत फेडायची उधारी एकूण निधीच्या किती टक्के आहे, हे पाहा. मग ३० दिवस थकलेली कर्जे शोधा, कारण ९० दिवसांचा आकडा उशिरा बोलतो. बँक असेल, तर बेसल-३ या बँकांच्या आंतरराष्ट्रीय नियमांखालचे तरलतेचे प्रमाण बघा : ३० दिवसांच्या कठीण काळात बाहेर जाणाऱ्या निव्वळ रकमेइतकी तरी चटकन विकता येणारी मालमत्ता हाताशी हवी. हा नियम २००८ नंतर आला.