बायबलच स्त्रीला चर्चमध्ये दुय्यम ठरवतं का?

पूर्णपणे नाही, असं मला मनापासून वाटतं. ‘स्त्रीने शिकवू नये’ हे बायबलमधल्या तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पण रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायात प्रेषित पौल फीबी या स्त्रीला ‘दियाकोनोस’ (सेवक किंवा चर्चमधला सेवक-पदाधिकारी) म्हणतो. हाच ग्रीक शब्द पुरुषासाठी आला की हुद्दा आणि फीबीसाठी आला की नुसती सेवा, असा अर्थ शतकानुशतकं लावला गेला. स्त्रीवादी अभ्यासकांचा आक्षेप नेमका यावर आहे. आणि येशूच्या पुनरुत्थानाची बातमी पहिल्यांदा सांगितली ती मग्दालिया मरीयेनेच ना?

आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी तर मूळ भाषांवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९७० साली इथे नागपुरातच स्थापन झालेलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे प्रोटेस्टंट चर्च आज स्त्रियांना पाळकपदाची (पाद्री होण्याची) दीक्षा देतं. कॅथलिक चर्च अजूनही देत नाही.