औषधाला दाद न देणारे जंतू : वाचकांचे प्रश्न

मी वरचेवर अँटिबायोटिक घेतो. माझ्या शरीराला त्याची सवय झाली असेल का?

सवय शरीराला होत नाही. गोळीने साधे जंतू मरतात, दाद न देणारे मोजके उरतात आणि रिकामी झालेली जागा त्यांना आयती मिळते. पुढे ते इतरांनाही लागतात. त्यामुळे वर्षानुवर्षे गोळीला हात न लावलेल्या माणसालाही असा संसर्ग होऊ शकतो.

एका देशातला जंतू दुसऱ्या देशात पोचतो कसा?

पुष्कळदा प्रवाशाच्या पोटातून, आणि अगदी गुपचूप: ताप नाही, दुखणं नाही. डच प्रवाशांच्या एका मोठ्या अभ्यासात, जाताना ज्यांच्या आतड्यात असे जंतू नव्हते त्यांच्यापैकी सुमारे एकतृतीयांश लोक ते घेऊन परतले. दक्षिण आशियातून परतलेल्यांत तर चारांतले तिघे. बहुतेकांच्या पोटातून ते काही आठवड्यांत नाहीसे झाले, काहींच्या पोटात मात्र वर्षभर टिकले.

शिवाय जंतूनेच प्रवास करायला हवा असंही नाही. प्रतिकाराचं जनुक पुष्कळदा प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर असतं. जंतू त्याची नक्कल शेजाऱ्याला देतो, मग तो परजातीचा का असेना! कोलिस्टिन हे अगदी शेवटचं राखीव औषध. त्याला निकामी करणारं, प्लाझ्मिडवरचं एमसीआर-१ जनुक चीनमध्ये सापडल्याचं नोव्हेंबर २०१५ मध्ये जाहीर झालं. डेन्मार्कने लगेच आपले साठवलेले जुने नमुने तपासले, तर ते तिथेही निघालं. बातमीच्या आधीच पाहुणा घरात! चीनने २०१७ मध्ये जनावरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात कोलिस्टिन मिसळणं थांबवलं, त्यानंतर तिथे या जनुकाचं प्रमाण उतरलं. भारताने २०१९ मध्ये जनावरांसाठी बंदी घातली. मला यात आशा दिसते.

लघवीच्या कल्चर रिपोर्टमध्ये एका औषधापुढे मोठा आकडा होता, डॉक्टरांनी लहान आकड्याचं दिलं. चूक झाली का?

नाही. बशीत जंतूंचा थर पसरून त्यावर औषधाच्या चकत्या ठेवतात. रात्रभरात चकतीभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ दिसतं. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजलेला, तोच तुमचा आकडा. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी, म्हणून आकड्यांची आपसात तुलना करू नये. 'एस' म्हणजे चालेल, 'आर' म्हणजे चालणार नाही, एवढंच पाहा.

उरलेल्या गोळ्या पुढच्या सर्दीला चालतील?

नाही. सर्दी विषाणूंमुळे होते, त्यांच्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. पोटातल्या जंतूंवर मात्र चालतं.