फार्स फसतो कुठे? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मंडळासाठी दोन अंकी फार्स बसवतोय. मुलगा मित्राला होणारा सासरा म्हणून बापापुढे उभा करतो. मग खरा सासरा येतो आणि बाप त्याला विकास सोसायटीचा वसुलीवाला समजतो. तालमीत आम्ही हसून लोळतो, पण बघायला बोलावलेल्यांना कोण कोणाचा कोण, हेच कळलं नाही. (एक वाचक, तासगाव)

उत्तर : तुम्हाला संहिता पाठ आहे, त्यांना नाही. फार्समध्ये घोटाळा पात्रांचा व्हावा. प्रेक्षकाला सगळं आधी ठाऊक हवं. हरिपूरच्या देवलांच्या 'संशयकल्लोळ'मध्ये तसबीर हातोहात फिरते ती प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत. म्हणून तर फाल्गुनरावाच्या संशयाला हसू येतं.

तेव्हा लबाडी ठरते तो प्रवेश घाईत उरकू नका. मित्रानं कोट-टोपी रंगमंचावरच चढवावी. मुलानं त्याला खोटं नाव-गाव पढवावं, त्यानं चुकावं, मुलानं पुन्हा सांगावं. नाव असं तीनदा कानावर पडतं. मात्र ते हशात बुडू देऊ नका. टोपीचा रंग ठळक ठेवा आणि तसा दुसऱ्या कोणाच्या अंगावर नको. माधवराव-महादेवराव अशी जवळची नावं असतील आणि कथानक त्यावर अडलेलं नसेल, तर आजच बदला.

मग मोठा कागद घ्या. डावीकडे पात्रं, वर प्रवेश, आणि प्रत्येक चौकोनात 'हा आत्ता काय खरं मानतो' एवढंच लिहा. निम्म्या चुका इथंच सापडतील. खरा सासरा आत येताच बाप संशयानं बघतो ना? तो संशय नटाचा. बापाला तो येण्याचं कारणच नाही. त्याच्यापुढे वसुलीवाला बसलाय. त्यानं चहा मागवावा, आणि 'ऊसबिल आलं की बघू' म्हणत बशीतली बिस्किटं पुढं सरकवत राहावं.

दुहेरी संवाद दोन्ही बाजूंनी वाचा. 'किती दिवस लांबवायचं? तारीख द्या' हे लग्नालाही लागू, कर्जालाही. पण सासऱ्याच्या तोंडी 'पोरगी तयार आहे' आलं की बापाचा गैरसमज टिकणं अशक्य. असं वाक्य लेखकाला विचारून काढा. अभिनयानं ते झाकत नाही.

प्रश्न : दार आपटलं की अख्खी भिंत हलते. कधी दार लागतच नाही. (एक वाचक, कराड)

उत्तर : चौकटीच्या दोन्ही बाजूंना मागून तिरके टेकू द्या आणि त्यांच्या पायांवर वाळूची पोती ठेवा. दार विंगेच्या बाजूला उघडणारं हवं. रंगमंचावर उघडलं तर नट झाकला जातो आणि जागाही खातं. बाजूच्या भिंतीतल्या दाराचे कब्जे प्रेक्षकांपासून लांबच्या कडेला लावा, म्हणजे उघडल्यावर आतला पसारा दिसत नाही. कब्जे तीन हवेत. दोनावर दार लोंबतं आणि मग अडकतं. कडी टाळा, चुंबकाचा कॅच बसवा. खाली लाकडी उंबरा नको, धोतरवाला अडखळतो. चपटी लोखंडी पट्टी चौकटीला जखडते आणि पायातही येत नाही.

एका दारानं जाऊन दुसऱ्यानं येणाऱ्या नटाला घड्याळ लावून पळवा, तेही कपडे बदलून आणि मागच्या अंधारात. मधले संवाद त्याहून पाच-सात सेकंद जास्त चालले पाहिजेत. बटणांच्या जागी वेल्क्रो, धोतर शिवलेलं, आणि कपडे धरायला एक माणूस, ज्याच्याकडे दुसरं कुठलंच काम नसेल.

प्रश्न : हशा पूर्ण थांबेपर्यंत गप्प राहायचं का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : नाही. हशा चढून उतरायला लागला की पुढचं वाक्य घ्या, पहिले दोन शब्द जरा मोठ्यानं. तोवर पुतळा होऊ नका, हातातलं काम चालू ठेवा. अपेक्षित हशा आलाच नाही तर थांबायचं नाही, सरळ पुढे. नटानं हशाची वाट पाहिलेली प्रेक्षकाला लगेच कळते, आणि मग पुढचे दोन हशेही जातात.