जिनसेंगची मुळी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागच्या अंकात आस्कंदाविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना 'भारतीय जिनसेंग हे आस्कंदाचे नाव दिशाभूल करणारे आहे' असे एक वाक्य मी लिहिले होते. त्या वाक्यावर बरीच पत्रे आली. त्यांतले चार प्रश्न निवडून या वेळचे सदर केवळ जिनसेंगसाठी ठेवले आहे.

प्रश्न : आस्कंद आणि जिनसेंग या दोन्ही मुळ्याच आहेत आणि दोन्ही ताकदीसाठीच घेतात. मग एकीला दुसरीचे नाव दिले तर दिशाभूल कोणती? (एक वाचक, सांगली)

उत्तर : उपयोगाचे साम्य आहे म्हणून वनस्पती एक होत नाही. आस्कंद, म्हणजे अश्वगंधा, ही वांगी-मिरचीच्या कुळातली वनस्पती असून उन्हात आणि कोरड्या जमिनीत वाढते. तिच्या मुळीतल्या मुख्य द्रव्यांना विथॅनोलाइड म्हणतात. जिनसेंग हे आयव्हीच्या वेलाच्या कुळातले छोटे, वर्षानुवर्षे जगणारे रोप आहे. त्याचे मूळ घर म्हणजे मांचुरिया (चीनचा ईशान्य भाग), कोरिया आणि रशियाचा अतिपूर्व भाग येथील थंड, दाट सावलीची जंगले. आस्कंदात जिनसेंगची द्रव्ये नाहीत आणि जिनसेंगमध्ये आस्कंदाची नाहीत. म्हणून एकीवर झालेल्या प्रयोगाचा दाखला दुसरीच्या डबीवर छापणे मला गैर वाटते.

कोरियाहून आलेली एक वाळकी मुळी हे लिहिताना माझ्या टेबलावर आहे. करंगळीएवढी जाड, फिकट पिवळी, खाली दोन फाटे फुटलेली. तिचा माणसासारखा आकार पाहूनच चिनी लोकांनी तिच्या नावात 'माणूस' हा अर्थ घातला. वरच्या टोकाला बारीक मान आहे आणि तिच्यावर एकाआड एक वाटीसारखे व्रण आहेत. जिनसेंगचा जमिनीवरचा भाग दर शरद ऋतूत वाळून गळतो आणि मानेवर एक व्रण ठेवून जातो. गायीच्या शिंगावरची वळी मोजावीत तसे हे व्रण मोजून मुळीचे वय काढता येते. माझ्याकडच्या मुळीवर पाच स्पष्ट दिसतात. एक कपचा चावून पाहिला तर आधी कडू, मग किंचित गोडसर आणि शेवटी ओल्या मातीसारखी चव येते.

खऱ्या जिनसेंगच्या दोन जाती बाजारात महत्त्वाच्या आहेत. पहिली आशियाई, पॅनॅक्स जिनसेंग. दुसरी अमेरिकी, पॅनॅक्स क्विंक्वेफोलियस, आणि तिच्या शोधाची हकीकत सांगण्यासारखी आहे. पिएर जार्तू हा जेझुइट या ख्रिस्ती पंथाचा पाद्री चीनच्या सम्राटासाठी नकाशे तयार करत असताना त्याने मांचुरियात ही वनस्पती पाहिली आणि 1711 साली पत्रातून तिचे वर्णन पाठवले. तसाच अक्षांश आणि तशीच जंगले कॅनडात असल्यामुळे ती तिथेही सापडावी, असा तर्क त्याने केला होता. ते पत्र वाचून जोसेफ-फ्रांस्वा लाफितो या दुसऱ्या जेझुइटाने माँट्रियलजवळ शोध घेतला आणि 1716 साली तिथल्या मोहॉक या मूळनिवासी लोकांच्या मदतीने त्याला ती खरोखर सापडली. 'सायबेरियन जिनसेंग' म्हणून विकली जाणारी वनस्पती त्याच कुळातली असली तरी पॅनॅक्स नव्हे. अमेरिकेत 2002 पासून तिला जिनसेंग म्हणून विकण्यास कायद्याने मनाई आहे.

प्रश्न : जिनसेंगविषयी कधी 'सिद्ध झाले' असे वाचायला मिळते, तर कधी 'काही उपयोग नाही' असे. इतकी वर्षे संशोधन होऊनही शास्त्रज्ञांचे एकमत का होत नाही? (औषधनिर्माणशास्त्राची एक विद्यार्थिनी, ठाणे)

उत्तर : कारण 'जिनसेंग' या एका शब्दाखाली प्रत्येक प्रयोगशाळेत वेगवेगळा पदार्थ तपासला गेला आहे. हे समजण्यासाठी मुळीच्या रसायनशास्त्रात थोडे शिरावे लागेल.

जिनसेंगची मुख्य द्रव्ये म्हणजे जिनसेनोसाइड. ती सॅपोनिन या वर्गात मोडतात. रिठ्याचे पाणी घुसळले की जो फेस येतो तोही सॅपोनिनचाच. चार कड्यांचा, स्टेरॉइडसारखा सांगाडा आणि त्याला चिकटलेल्या साखरेच्या साखळ्या अशी त्यांची रचना असते. 1960च्या दशकात टोकियोत शोजी शिबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही द्रव्ये एकेक करून वेगळी केली. काचेच्या पट्टीवर सिलिकाचा पातळ थर देऊन त्यावर अर्काचा ठिपका ठेवायचा आणि खालून द्रावक चढू द्यायचा. मग प्रत्येक द्रव्य आपापल्या उंचीवर थांबते. खालून वर जसे ठिपके दिसले तशी त्यांना आरए, आरबी, आरसी अशी नावे मिळाली. म्हणजे आरबी1, आरजी1 ही आज डब्यांवर छापली जाणारी नावे मुळात त्या पट्टीवरच्या जागा आहेत. आज असे शंभराहून अधिक जिनसेनोसाइड माहीत आहेत. त्यांतला आरएफ आशियाई मुळीत असतो आणि अमेरिकी मुळीत नसतो, त्यामुळे भेसळ पकडायला तो उपयोगी पडतो.

या द्रव्यांचे प्रमाण जातीवर, वयावर आणि मुळीच्या भागावर ठरते. गिऱ्हाईक माणसाच्या आकाराच्या जाड मुळीला पैसे मोजते, पण वजनाच्या मानाने जिनसेनोसाइड अधिक असतात ते बारीक तंतुमुळांत. त्यात प्रक्रियेची भर पडते. मुळी नुसती वाळवली की पांढरे जिनसेंग होते आणि वाफवून वाळवली की लाल. वाफवताना काही जिनसेनोसाइडांची साखर गळते आणि आरजी3 सारखी, कच्च्या मुळीत जवळजवळ नसलेली द्रव्ये तयार होतात. पांढरे आणि लाल जिनसेंग रासायनिकदृष्ट्या एक नव्हेत.

याचा परिणाम दाखवणारे सर्वांत बोलके उदाहरण टोरांटोचे आहे. व्लादिमिर वुक्सान यांच्या गटाने 2000 साली असे दाखवले की, ग्लुकोज पिण्याआधी 40 मिनिटे 3 ग्रॅम अमेरिकी जिनसेंग घेतले तर नंतर रक्तातली साखर कमी चढते. पुढे त्याच गटाने त्याच जातीची दुसरी खेप वापरून, तशाच पद्धतीने प्रयोग केला, तेव्हा काहीही परिणाम दिसला नाही. त्या खेपेचे रासायनिक पृथक्करण केल्यावर तिच्यात जिनसेनोसाइडचे प्रमाण बरेच कमी आढळले. हे अपयश त्यांनी 2003 साली प्रामाणिकपणे प्रसिद्ध केले. माझ्या मते पहिल्या यशापेक्षा हा दुसरा निबंध अधिक मोलाचा आहे आणि तुम्ही विद्यार्थिनी आहात म्हणून तो आवर्जून मिळवून वाचा.

मुळी चांगली असली तरी प्रश्न संपत नाही. आरबी1 सारखे मोठे रेणू आतड्यातून फारसे शोषले जात नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांची साखर एकेक करून तोडतात आणि 'कंपाउंड के' नावाचे लहान द्रव्य तयार होते. रक्तात पोचते ते मुख्यतः हेच. हे जिवाणू सगळ्यांच्या पोटात सारखे नसतात. साहजिकच, एकाच डबीतली एकच मात्रा घेणाऱ्या दोन माणसांच्या रक्तात या द्रव्याचे प्रमाण फार निराळे असू शकते. पेट्रीच्या बशीतल्या पेशींवर थेट आरबी1 ओतून मिळालेले निष्कर्ष माणसाला लावताना म्हणूनच फार सावध राहावे लागते, आणि वर्तमानपत्रातले बरेचसे 'सिद्ध झाले' अशा बशीतल्या किंवा उंदरांवरच्या प्रयोगांतूनच आलेले असते.

माणसांवरच्या चाचण्यांचे सांगायचे तर, निरोगी माणसाची बुद्धी किंवा स्मृती जिनसेंगने वाढते याचा खात्रीलायक पुरावा नाही, असा निष्कर्ष औषधोपचारांवरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2010च्या आढाव्यात निघाला. याउलट, कर्करोगातून जाणाऱ्या रुग्णांच्या थकव्यावर अमेरिकेत 364 जणांवर झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रोज 2,000 मिलिग्रॅम अमेरिकी जिनसेंग घेणाऱ्यांचा थकवा आठ आठवड्यांनी खोट्या गोळीच्या तुलनेत कमी झाला. चार आठवड्यांपर्यंत मात्र ठळक फरक नव्हता. ही आशा धरण्याजोगी गोष्ट आहे. 'अंगात ताकद येते' हे मोघम विधान मात्र तिच्यावरून करता येत नाही.

खेपेखेपेतला फरक टाळण्यासाठी काही शास्त्रज्ञांनी मुळीलाच वगळले आहे. जिनसेंगमधली जनुके यीस्टमध्ये घालून 2014 साली चिनी संशोधकांनी साध्या साखरेपासून 'कंपाउंड के' तयार करून दाखवले. शुद्ध, मोजलेल्या द्रव्यावर चाचण्या झाल्या तर वाद बराच मिटेल असे मला वाटते.

प्रश्न : मुलगा कामानिमित्त सोलला असतो. त्याने आजोबांसाठी लाल जिनसेंगचा अर्क पाठवला आहे. त्यांच्या हृदयात कृत्रिम झडप असून वॉरफरिन (रक्त गोठू न देणारे औषध) चालू आहे, शिवाय मधुमेहाच्या गोळ्याही आहेत. अर्क द्यावा का? (एक वाचक भगिनी, कोल्हापूर)

उत्तर : ताई, देऊ नका. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 20 निरोगी स्वयंसेवकांना वॉरफरिनबरोबर दोन आठवडे अमेरिकी जिनसेंग दिले असता वॉरफरिनचा परिणाम कमी झाला, म्हणजे त्यांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) उतरला. आशियाई जिनसेंगवरच्या चाचण्यांत असा परिणाम नेहमी दिसलेला नाही, पण कृत्रिम झडपेवर रक्ताची गुठळी होणे ही जिवावर बेतणारी गोष्ट असते आणि तिथे शंकेचा फायदा जिनसेंगला द्यायचा नसतो. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर साखर प्रमाणाबाहेर उतरण्याची भीती आणखी वेगळी.

अर्क आधीच सुरू केला असेल तर ते लपवू नका आणि परस्पर बंदही करू नका. आज-उद्याच हृदयरोगतज्ज्ञांना फोन करून सांगा आणि आयएनआर तपासून घ्या. अर्कामुळे आयएनआर उतरला म्हणून वॉरफरिनची मात्रा वाढवली गेली असेल आणि नंतर अर्क अचानक थांबला, तर तीच वाढीव मात्रा रक्तस्राव घडवू शकते. मुलाला वाईट वाटेल हे मी समजू शकतो. त्याला हे उत्तर वाचून दाखवा.

प्रश्न : महाबळेश्वरच्या थंड हवेत जिनसेंगची लागवड होईल का? रोपे विकणारे एक गृहस्थ हमखास उत्पन्नाची हमी देत आहेत. (एक शेतकरी, वाई)

उत्तर : आगाऊ पैसे देऊ नका. महाबळेश्वरची थंडी आपल्याला थंडी वाटते, जिनसेंगला ती पुरत नाही. हिवाळ्यात कित्येक आठवडे गोठणबिंदूच्या जवळपासचे तापमान मिळाल्याशिवाय त्याच्या मुळीवरचा डोळा झोपेतून जागा होत नाही. बीसुद्धा झाडावरून पडल्यावर साधारण दीड वर्षाने उगवते, कारण फळ पिकते तेव्हा आतला गर्भ अपुरा वाढलेला असतो. वरून तुमच्याकडचा पाऊस. पाणी साचले की मुळी कुजते.

जिथे हवामान जुळते त्या कोरियातही हे पीक सोपे नाही. शेतावर सावलीचे छप्पर घालून चार ते सहा वर्षे थांबावे लागते, आणि एकदा मुळ्या काढल्यावर त्याच जमिनीत पुन्हा जिनसेंग लावले तर मुळे सडवणाऱ्या बुरशींमुळे ते बहुधा मरते. जिनसेनोसाइड ही खरे तर झाडाने बुरशीपासून बचावासाठी तयार केलेली द्रव्ये असावीत, असे बरेच संशोधक मानतात. पण या रोगाच्या बुरशींना ती फारशी बाधत नाहीत. त्यामुळे कोरियातल्या गुमसान भागात शेतकरी ती जमीन दहा-दहा वर्षे दुसऱ्या पिकांना देतात. तुमच्याकडे येणाऱ्या गृहस्थांना रोपाचे शास्त्रीय नाव लेखी मागा. ते विथानिया सोम्निफेरा निघाले, तर तो आपला आस्कंद आहे आणि त्याचे बी कृषी विद्यापीठाकडे चौकशी करून योग्य दरात मिळू शकेल.