वालावरचा मावा: घाई नको

ताई, तुम्ही विचारलंत, वालाच्या शेंड्यांवर हे बारीक किडे कसले? तो मावाच, रस शोषणारी कीड. नाशकात ढगाळ हवा आली की द्राक्षवाल्यांसारखी आपलीही झोप उडते, पण लगेच फवारणीला धावू नका. आधी पान उलटून बघा. काळपट, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा मगरीसारखी अळी दिसली तर तिला हात लावू नका. ती ढालकिड्याची (लेडीबर्ड भुंग्याची) अळी, मावाच खाते. नवीन माणसं नेमकी तिलाच चिरडतात!

वेलावर मुंग्यांची रांग असेल तर ती आधी तोडा. माव्याच्या अंगातून निघणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या माव्याची राखण करतात. मग सकाळी पाण्याची जोरदार धार पानांच्या खालून मारा. बऱ्याचदा तेवढ्यावरच भागतं.

नाहीच भागलं तर निंबोळी अर्क. लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम निंबोळी पावडर कापडात बांधून रात्रभर भिजवा, सकाळी पिळून गाळा, थोडं साबणाचं पाणी घाला. फवारणी मात्र संध्याकाळीच, कारण उन्हात अर्काचा जोर टिकत नाही. आठवड्याने पुन्हा मारा. युरिया तेवढा बंद ठेवा, कोवळ्या लुसलुशीत फुटीवरच मावा जास्त येतो.