मन वळवायचं कुणाचं?

प्रश्न : माझी मुलगी संख्याशास्त्रात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गुण ७८ टक्के. उष्णतेच्या लाटा, अतिवृष्टी यांमागे माणसाचा हात किती, हे शोधण्याच्या संशोधनात जायचं म्हणते. ऊन-पाऊस निसर्गाच्या हातात, एकेका घटनेचं कारण कोण सिद्ध करणार? तिचा इंटर्नशिपचा अर्ज मी अडवला आहे. एमबीएसाठी तिचं मन वळवाल का? — एक पालक

उत्तर : नाही वळवणार. अर्ज तुम्ही अडवलात, पत्रही तुम्हीच लिहिलंत. तिला हे का करायचंय, याची त्यात एक ओळ नाही. मुलगी सज्ञान आहे. ७८ टक्क्यांची मला अजिबात काळजी वाटत नाही, या अडवलेल्या अर्जाची वाटते. तो आधी तिला परत द्या.

आता तुमची शंका. ‘ही लाट हवामान बदलानेच आली का?’ असा हो-नाहीचा प्रश्न हे शास्त्रज्ञ विचारतच नाहीत. ते शक्यता मोजतात. आजच्या हवामानात अशी लाट किती वर्षांतून एकदा येईल आणि माणसाने हरितगृह वायू सोडलेच नसते तर किती वर्षांतून? या दोन शक्यतांचं गुणोत्तर म्हणजे उत्तर. युरोपातल्या २००३च्या उन्हाळ्यावरच्या अभ्यासात, मानवी प्रभावामुळे तशा उन्हाळ्याचा धोका बहुधा किमान दुपटीने वाढला, असं २००४मध्येच दाखवलं गेलं. आणि दर वेळी बोट माणसाकडेच जातं असंही नाही. दक्षिण मादागास्करच्या २०१९ ते २१ या काळातल्या दुष्काळात हवामान बदलाचा ठळक वाटा आढळला नाही. तसं जाहीरही केलं गेलं.

यातलं निम्मं काम संख्याशास्त्राचं आहे, म्हणजे मुलगी योग्य वर्गात बसली आहे. तिची ओढ खरी आहे का, हे पाहायचं असेल तर सुट्टीत एवढं करू द्या : एका हवामान केंद्राच्या किमान ५० वर्षांच्या रोजच्या कमाल तापमानाच्या नोंदी घ्यायच्या, दर वर्षाचा उच्चांक काढायचा, त्यावर आत्यंतिक मूल्यांचं वितरण (असे उच्चांक किती वेळा येतील हे सांगणारा गणिती वक्र) बसवायचं आणि त्याचं स्थान, म्हणजे वक्र तापमानाच्या अक्षावर कुठे बसतो ते, जागतिक सरासरी तापमानाबरोबर सरकू द्यायचं. मग आजच्या आणि औद्योगिकीकरणापूर्वीच्या थंड जगातला पुनरावृत्तीकाळ (तसा उच्चांक सरासरी किती वर्षांतून एकदा येईल ते) काढायचा, विश्वासमर्यादेसकट, म्हणजे खरा आकडा कोणत्या दोन टोकांमध्ये असावा, हेही सांगून. त्या मर्यादेशिवाय आलेला आकडा कुणी मनावर घेत नाही.

अडचणी इथेच येतात. केंद्राची जागा मधेच बदललेली असते, भोवती शहर वाढलेलं असतं. घटना पाहून मग सोयीचा प्रदेश आणि सोयीचे दिवस निवडले, तर गुणोत्तर फुगतं. कॅनडातल्या लिटन गावी जून २०२१मध्ये पारा ४९.६ अंशांवर गेला. त्या भागातल्या आधीच्या नोंदींवर बसवलेल्या वक्राची वरची मर्यादाच त्या लाटेच्या खाली राहत होती. गणिताच्या मते ती लाट अशक्य! ती नोंद धरायची की वगळायची, यावर उत्तर पार बदलतं. असल्या पेचात तिला मजा आली, तर समजून घ्या.

पुढचा रस्ता सरळ आहे : संख्याशास्त्र किंवा वातावरणशास्त्रात एमएस्सी, मग पीएचडी, सोबत पायथन किंवा आर यांपैकी एक प्रोग्रॅमिंग भाषा.

निव्वळ या कामाच्या नोकऱ्या थोड्या आहेत, हे तिलाही स्पष्ट सांगा. पण हेच गणित पुनर्विमा कंपन्यांना (विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या), धरणाच्या सांडव्याचं संकल्पन करणाऱ्यांना आणि हवामान खात्यांना लागतं, तेही पीएचडीची वाट न पाहता. संशोधनात पाच-सहा वर्षं घालवायची तयारी आहे का, हे तिला विचारा. पुढचं पत्र तिला लिहू द्या.