‘रात्री पाठ होतं, पेपरात आठवत नाही’

नाशिकरोडला राहून सातपूरच्या कंपनीत नोकरी करणारी, शिवाय तीन वर्षांचं एलएल.बी. करणारी एक विद्यार्थिनी समुपदेशनाला आली. ‘पुरावा कायद्याची कलमं रात्री घडाघडा म्हणते, पेपर हातात पडला की डोकं कोरं होतं. माझी स्मरणशक्तीच गेलीय का?’ या विषयाच्या परीक्षेआधी ही धास्ती अनेकांना असते.

तिची स्मरणशक्ती शाबूत होती. बसमध्ये नोट्स वाचणं, ओळींखाली रेघा मारणं, एवढाच तिचा अभ्यास. पुस्तक मिटून एकही उत्तर लिहिलेलं नव्हतं. वाचताना ओळखीचं वाटतं ते न बघता लिहिता येईलच असं नाही, आणि हे तिला थेट परीक्षेतच कळायचं. घाबरण्याचं मूळ तिथे होतं.

त्यात आकड्यांचा घोळ. 1 जुलै 2024 पासून 1872 च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 आला, तिच्या नोट्स मात्र जुन्याच. पोलिसांपुढच्या आणि कोठडीतल्या कबुलीजबाबाची पूर्वीची 25, 26 आणि 27 ही कलमं आता 23 मध्ये एकत्र आहेत, मृत्यूपूर्व जबाब 32 वरून 26 मध्ये गेला, इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या 65-ब चं 63 झालं. सवयीने 27 लिहिलं तर नव्या कायद्यात ते आधीच्या खटल्यात दिलेल्या साक्षीचं कलम निघतं. म्हणून नेहमी विचारल्या जाणाऱ्या पंचवीसेक कलमांचा जुना-नवा तक्ता एका कागदावर करून घेतला.

खरं काम झालं ते एका वाक्यावर. आरोपी कोठडीत पंचांसमोर पोलिसांना सांगतो: ‘ज्या कोयत्याने मी त्याला मारलं, तो मखमलाबादच्या मळ्यात पुरलाय, काढून देतो.’ कोयता तिथेच सापडतो. तिने आधी लिहिलं, पोलिसांपुढचा कबुलीजबाब, सगळा बाद. मग खोडून लिहिलं, कोयता सापडला, सगळा ग्राह्य. दोन्ही चूक. अशा वेळी क्रमाने विचारायचं: कोण बोललं, कोणापुढे, कोठडीत होता का, आणि त्या बोलण्यामुळे नवं काय उघड झालं? कलम 23 च्या परंतुकाप्रमाणे, म्हणजे त्यातल्या अपवादाप्रमाणे, ज्या बोलण्यामुळे वस्तू सापडली तेवढंच ग्राह्य; म्हणून ‘मळ्यात पुरलाय, काढून देतो’ एवढंच आत येतं. ‘ज्या कोयत्याने मारलं’ बाहेर राहतं. पुलुकुरी कोट्टया (1947) हा निवाडा याच छाटणीसाठी लिहायचा. नुसतं नाव टाकून मार्क मिळत नाहीत, वाक्य कुठे तोडलं ते दाखवावं लागतं.

मग तीन आठवडे रोज पहाटे पाऊण तास: पुस्तक मिटून एक उदाहरण वीस मिनिटांत लिहायचं, उरलेल्या वेळात मूळ कलमाशी ताडून लाल पेनाने दुरुस्त करायचं. चुकलेलं उदाहरण तीन दिवसांनी पुन्हा. सुरुवातीला वही लाल होते आणि पुष्कळ जण तिथेच सोडून देतात. हिने सोडलं नाही, याचं मोल फार आहे.

तिसऱ्या आठवड्यात तक्रार बदलली: ‘आठवतं, पण वेळ पुरत नाही.’ तेव्हा व्याख्या आणि प्रस्तावना दोन ओळींत आटपून थेट दिलेल्या प्रसंगापासून उत्तर सुरू करायला सांगितलं.